चंद्राकडे तोंड वासलेला बोकड

मूक कार्टूनच्या जुन्या रिळांचा माझ्यासारखा संग्राहक अख्ख्या लातुरात नाही! चार रिळं आहेत माझ्याकडे. चौथं कंधारच्या मलप्पाकडून आणलं. त्याचे वडील फिरत्या टॉकीजवर मशीन चालवायचे.

घरी भिंतीवर लावून पाहिलं. काय रीळ होतं! टोपीवाला बोकड चित्रातलंच खात सुटतो. दार खाल्लं, झाड खाल्लं, पायाखालचा रस्ताही खाल्ला! मग हवेतच उभा राहून चंद्राकडे बघतो, तोंड वासतो आणि... फटक! रीळ संपलं.

"खाल्ला का चंद्र त्यानं?" वरच्या मजल्यावरच्या कुसुमकाकूंनी विचारलं.

"रविवारी शेवटासकट दाखवतो!" मी छाती फुगवून सांगितलं आणि मलप्पाला फोन लावला.

"शेवट? त्यो शेतात हाय की, सर!"

"शेतात?"

"हाव. ज्वारीवर भोरड्या लई बसून राहिल्या होत्या. पट्टी फडफडती, चमकती, पाखरं भितेत. रीळ उलटं गुंडाळलेलं, शेवटच आधी हाताला लागला. तोडला अन् बांधला!"

उज्वलाला, म्हणजे बायकोला, घेऊन थेट कंधार गाठलं. ज्वारीत काठ्याकाठ्यांवर माझा शेवट फडफडत होता! मी धावत सुटलो, एकूण एक तुकडा सोडला आणि उन्हाकडे धरून बघू लागलो. पहिल्या तुकड्यात बोकड. दुसऱ्यात चंद्राची पुसट कड. बाकीचे कोरे! उन्हानं सगळं धुऊन नेलं होतं. चंद्राचं काय झालं, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. खरं सांगतो, रडूच आलं.

"सर, पाखरं!" मलप्पा ओरडला.

वर बघतो तर भोरड्यांचा थवा मोकळ्या ज्वारीवर उतरत होता!

"पट्ट्या तुम्ही सोडल्या, आता तुम्हीच हाकला!"

मग काय! हात हलवत, सुटलेलं पोट हिंदकळवत, उड्या मारत, ढेकळांत कोलमडत मी तासभर पळत होतो. उज्वला बांधावर बसून मोबाईलवर शूटिंग करत होती.

"वाऱ्याचाच आवाज येऊन राहिला," ती म्हणाली. "आवाज काढून टाकते."

रविवारी खोली गच्च भरली. शब्द दिला होता, आणि शेवट तर नव्हता! बोकडानं तोंड वासलं तसा उज्वलानं छोट्या प्रोजेक्टरला मोबाईल जोडून चटकन माझाच व्हिडिओ भिंतीवर लावला. लोक पोट धरधरून हसले.

कुसुमकाकूंनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि भिंतीकडे निरखून पाहिलं.

"खाल्लाच म्हणा की चंद्र! पण त्यानं बोकड किती सुटला हो!"