सुटं टोक

आमच्या विद्यापीठात माझ्या परवानगीशिवाय एक ई-मेलसुद्धा इकडची तिकडे होत नाही. हे मी कुलगुरूंसमोर म्हणत नाही, पण मनातल्या मनात रोज म्हणतो. मी नेटवर्कप्रमुख आहे. म्हणजे जिन्यांखालून, छतांवरून आणि स्वच्छतागृहांच्या मागून जेवढ्या वायरी जातात, त्या सगळ्या माझ्या. नळाला पाणी यावं तसं लोकांना इंटरनेट येतं आणि ते येत असेपर्यंत मी आहे की गेलो याची कुणी चौकशी करत नाही. बंद पडलं की मात्र ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही त्यांनाही माझा फोन नंबर पाठ असतो.

असा मी त्या सकाळी आरशासमोर भांग पाडत बायकोला म्हणालो, "तू फक्त उत्तरं द्यायची. बाकीचं सगळं माझ्यावर सोड."

"त्याचीच तर धास्ती आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी बायकोची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, म्हणजे वाइव्हा. प्रबंधाचा विषय अफवा. अफवा कुठे जन्मते, कशी वाढते आणि कशी मरते, यावर तिने इतकी वर्षं घालवली की आमच्या मुलीने शाळेच्या निबंधात 'माझी आई अफवांचं काम करते' असं लिहिलं होतं. बाहेरचे परीक्षक लांबच्या विद्यापीठातले, ते पडद्यावरून परीक्षा घेणार होते. दुसऱ्याच दिवशी ते वर्षभरासाठी कुठल्याशा दुर्गम डोंगरात संशोधनाला निघणार होते, जिथे म्हणे निरोपसुद्धा घोड्यावरून जातो. आणि आमचा नियम असा की परीक्षक आणि उमेदवार एकमेकांना दिसले पाहिजेत, नाहीतर परीक्षा झालीच नाही. पडदा चालला तर बायको संध्याकाळी डॉक्टर. नाही चालला तर वर्षभर थांबा, आणि तिच्या कॉलेजातली कायमची जागा काही वर्षभर थांबणार नव्हती. मला आतून खूप भीती वाटत होती. म्हणूनच मी इतक्या फुशारक्या मारत होतो.

"अहो, आणि एक," ती चपला घालताना म्हणाली. "घरात चालवून घेते, पण त्या खोलीत तरी काही लोंबकळत ठेवू नका. तुम्ही काम करून गेलात की मागे वायरींचा पसारा असतो. समिती बसणार आहे तिथे."

हे मला नवीन नव्हतं. ओला टॉवेल पलंगावर, चार्जर जमिनीवर, एक मोजा दारात आणि दुसरा देव जाणे कुठे, अशी माझी ख्याती आहे. पण त्या दिवशी ते जरा मनाला लागलं. म्हटलं, आज बघच.

वाइव्हाची खोली म्हणजे जुन्या इमारतीतलं तळघर. भिंती इतक्या जाड की मोबाइलला जेमतेम बोलण्यापुरती रेंज, तीही खिडकीजवळ उभं राहिलं तर. म्हणून सगळी भिस्त माझ्या वायरीवर. मी लॅपटॉप जोडला, मोठा पडदा लावला, परीक्षकांना फोन करून आधीच बोलावून घेतलं. ते पडद्यावर आले. आवाज स्वच्छ, चित्र स्वच्छ. त्यांच्या मागच्या कपाटातल्या पुस्तकांची नावंसुद्धा वाचता येत होती. बायको माझ्याकडे बघून चक्क हसली. लग्नानंतर माझ्या कामाकडे बघून ती पहिल्यांदाच हसत होती.

तिथेच थांबायला हवं होतं. पण निघताना मला टेबलाखाली एक वायर दिसली. तिथे आमची एक छोटी पेटी असते. तिला स्विच म्हणतात आणि तिच्यात ओळीने भोकं असतात. या वायरीचं एक टोक तिकडे कुठेतरी अंधारात गेलेलं, दुसरं टोक चक्क लोंबकळत होतं. मला सकाळचं बोलणं आठवलं. मी खाली वाकलो, ते सुटं टोक उचललं आणि पेटीतल्या एका रिकाम्या भोकात टक्कन बसवलं. किती छान दिसलं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी वस्तू जागच्या जागी ठेवली होती. हात झटकत मी माझ्या ऑफिसकडे निघालो.

ऑफिसात पोचलो तर सगळे फोन एकदम वाजत होते.

माझा सहकारी एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरा फोन घेऊन उभा होता. त्याला सगळे 'बघू' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो "बघू" म्हणतो. लग्न ठरवतानाही तो हेच म्हणाला होता, आणि मुलीच्या वडिलांनी तोच होकार धरला.

"काय झालं?"

"गेलं."

"काय गेलं?"

"सगळं. ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षा विभाग. कुलसचिव विचारतात, कधी येईल. मी म्हटलं, बघू."

मी खणातल्या पेट्यांकडे पाहिलं. एरवी त्यांचे दिवे शहाण्यासारखे अधूनमधून लुकलुकतात. आता सगळे वेड्यासारखे फडफडत होते. मला रोग लगेच कळला, तेवढा मी माझ्या कामात तयार आहे. कुणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच पेटीत खुपसली होती. तसं केलं की पेटी आपलाच निरोप आपल्यालाच पाठवते, तो फिरून परत येतो, ती पुन्हा पाठवते, आणि हा गोंधळ इतका वाढतो की दुसऱ्या कुणाचं काही ऐकूच जात नाही. उपाय सोपा. ते टोक शोधायचं आणि उपटायचं. ते कुठे आहे हे सांगणारा कॉम्प्युटर आमच्याकडे आहे, पण तो त्याच नेटवर्कवर चालतो.

"कुठल्या गाढवाने केलं असेल?" मी म्हणालो.

"बघू," बघू म्हणाला.

"तू वसतिगृह बघ. मी ग्रंथालय बघतो. वाइव्हाची खोली सोड, तिथलं सगळं मी स्वतः नीट लावून आलोय."

तेवढ्यात बायकोचा फोन. आवाज दबका, म्हणजे ती खिडकीजवळ उभी असणार. "अहो, सर गोठले."

"म्हणजे?"

"चष्म्यावर फुंकर मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसेच राहिले. समिती त्यांच्या दाढा बघत बसलीय."

"आलोच! दोन मिनिटं!" असं मी म्हणालो. नेटवर्कवाल्यांची दोन मिनिटं कशी असतात ते तिला ठाऊक आहे. तिने फोन ठेवून दिला. ती रागावून काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

ग्रंथालयात मी सगळ्या टेबलांखाली रांगलो. काही सापडलं नाही. ग्रंथपालबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "कुणाचं काम हे?" त्यांनी विचारलं. आता मला काय माहीत? पण मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. मी आवाज खाली आणून म्हणालो, "तुमच्या-माझ्यात ठेवा. रसायनशास्त्रवाल्यांनी काहीतरी केलेलं दिसतंय." का म्हणालो? गेल्या महिन्यात त्यांच्याशी माझं वाजलं होतं, एवढंच कारण.

रसायनशास्त्राची इमारत ग्रंथालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी धापा टाकत तिथे पोचलो तर सगळे विद्यार्थी बाहेर मैदानात उभे. काहींनी नाकाला रुमाल लावलेले. विभागप्रमुख माझ्या अंगावरच धावून आले.

"तुम्ही आत जाऊ नका!"

"का? काय झालं?"

"आमच्या प्रयोगशाळेत काहीतरी झालंय म्हणे. ग्रंथालयातून फोन आला. वायू सुटलाय."

"कुठला वायू?"

"तेच कळत नाहीये. वास तर कसलाच येत नाही."

"मग?"

"वास येत नाही तेच जास्त धोक्याचं असतं," ते म्हणाले. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत, मी काय बोलणार? आत जाऊन वायरी तपासायच्या तर त्यांनी दारात दोरी बांधून ठेवलेली. एवढ्यात कुलसचिवांचा फोन आला. "किती जण बेशुद्ध आहेत?" मी म्हटलं, साहेब, कुणी नाही. ते म्हणाले, "लपवू नका. मला आत्ताच कळलंय, नेटवर्क स्फोटामुळे गेलं." तिकडे शिपायांनी घंटा बडवायला सुरुवात केली होती. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. ती आली आणि बेशुद्ध माणूस कुठे आहे म्हणून मलाच विचारू लागली. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं असावं की तो मीच.

बघूचा फोन आला. वसतिगृह स्वच्छ. आता काय करायचं?

"बघू," मी म्हणालो. मला त्या क्षणी त्या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान कळलं.

करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून मी वाइव्हाच्या खोलीकडे गेलो. बायकोची क्षमा मागायची होती. तिने रात्र रात्र जागून काम केलेलं मी पाहिलं होतं, आणि मी म्हणालो होतो, माझ्यावर सोड.

दार अर्धवट उघडं होतं. आत परीक्षा चालूच होती. समितीच्या अध्यक्षबाईंनी परीक्षकांना साध्या फोनवर घेतलं होतं. फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला, त्यातून त्यांचा आवाज येत होता, आणि पडद्यावर ते स्वतः आ करून बसले होते.

"सर, आपलं चालू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण नियमाप्रमाणे परीक्षक दिसले पाहिजेत. शेवटपर्यंत दिसले नाहीत तर हे सगळं नुसत्या गप्पा म्हणून धरावं लागेल."

"तसे दिसताहेत," समितीतले एक वयस्कर प्राध्यापक पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"दिसणं म्हणजे हलताना दिसणं."

फोनमधून प्रश्न आला. "बरं, मला एक सांगा. अफवेचं मूळ सापडत का नाही?"

बायकोचा आवाज आला. इतका शांत की मी दारातच थबकलो. "सर, कारण शोधणारा सगळ्यांना विचारतो, फक्त स्वतःला विचारत नाही. मी जेवढ्या लोकांशी बोलले, त्यातला प्रत्येक जण म्हणाला, मी फक्त ऐकलं. आपण तोंडातून काढलेलं बोलणं कुणीच अफवा म्हणून धरत नाही. आपण नीट केलं, आपण चांगल्या हेतूने केलं, म्हणून ती जागा माणूस सोडून देतो. आणि मूळ नेमकं तिथेच असतं."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ती वाक्यं परीक्षकांसाठी होती, पण मला ती कानशिलात बसावी तशी बसली. रसायनशास्त्राची अफवा माझ्याच तोंडून निघाली होती, ते तर झालंच. पण ते टोक! मी ज्याला जागच्या जागी ठेवलं ते टोक! त्याचं दुसरं टोक अंधारात कुठे गेलंय हे मी बघितलंच नव्हतं.

मी आत शिरलो. कुणाला काही सांगत बसायला वेळ नव्हता, आणि सांगणार तरी काय? मी सरळ समितीच्या टेबलाखाली घुसलो.

टेबलाखाली चपला-बुटांची दाटी होती. अध्यक्षबाईंनी दमून चपला काढून ठेवल्या होत्या, त्यातली एक माझ्या गुडघ्याखाली आली. "हे काय चाललंय?" वरून आवाज आला. वयस्कर प्राध्यापकांनी घाबरून पाय आखडले ते थेट माझ्या कपाळावर. बायको बोलायची थांबली. "अहो," एवढंच तिच्या तोंडून निघालं. मी चाचपडत पेटीपर्यंत पोचलो. वायर हाताने धरून मागे मागे गेलो, तर ती टेबलाच्या पायाला एक वळसा घालून, शेपटी तोंडात धरलेल्या मांजरासारखी, परत त्याच पेटीत आली होती. मी डोळे मिटले आणि टोक उपटलं.

पडदा जिवंत झाला. परीक्षकांची अडकलेली फुंकर चष्म्यावर पडली. त्यांनी चष्मा लावला आणि त्यांना सगळ्यात आधी दिसलं ते टेबलाखालून उलटं बाहेर येणारं माझं बूड.

"हे कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"आमचे नेटवर्कप्रमुख," अध्यक्षबाई पायाने चप्पल शोधत म्हणाल्या. "आणि उमेदवाराचे पती."

"टेबलाखाली काय करत होते?"

मी उठून उभा राहिलो. हातात वायर, कपाळावर बुटाचा ठसा, केसांत कोळिष्टकं. मी बायकोकडे बघितलं. तिने वायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिला सगळं कळलं. तिला नेहमी सगळं कळतं.

"सर," ती म्हणाली, "हे माझ्या शेवटच्या प्रकरणातलं उदाहरण आहे. छापायचं राहून गेलं होतं."

मग तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. परीक्षक इतके हसले की त्यांना चष्मा पुन्हा पुसावा लागला, आणि या वेळी ते हलत होते. अध्यक्षबाईंनी तशी नोंद केली. संध्याकाळी बायको डॉक्टर झाली. घरी येताना रिक्षात तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "यापुढे टॉवेल पलंगावरच राहू द्या. तुम्ही काही उचलू नका." मला भरून आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी कोळिष्टकांवर ढकललं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर बघू माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. ग्रंथपालबाईंनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी तर लांबूनच हात जोडले. शेवटी बघूनेच सांगितलं, की सगळ्या विद्यापीठात एकच चर्चा आहे. बायकोच्या परीक्षेत मी म्हणे मुद्दाम नेटवर्क पाडलं आणि टेबलाखाली बसून तिला सगळी उत्तरं सांगितली.

मी घरी जाऊन बायकोला हे सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तर ती तज्ज्ञाच्या सुरात म्हणाली, "अशी अफवा एका क्षणात मरते. ज्याच्याबद्दल आहे त्याने स्वतः उभं राहून 'हे खोटं आहे' म्हणायचं. म्हणालात ना?"

मी म्हटलं, हो, म्हणालो.

नाही म्हणालो. त्या अफवेत निदान मला उत्तरं तरी येत होती.