सतरावं घर

हबीबचाचांच्या मोजमापात मी तेरा नंबरची आहे. शेजारची म्हैस एकोणीस. दुपारचा डांबरी रस्ता नऊ, चुलीतली राख सहा. गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त तलाठी स्वतःला फार गोरे समजतात, ते अकरा. हे चाचांनी त्यांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून तलाठी आपले फोटो बसस्टँडजवळच्या स्टुडिओत काढून घेतात.

एक नंबर म्हणजे कोरा पांढरा कागद आणि एकवीस नंबर म्हणजे पुरा काळा. जगातली प्रत्येक वस्तू या दोघांच्या मधे कुठेतरी बसते, असं चाचांचं म्हणणं आहे. रंग ही त्यांच्या मते माणसाची डोळ्यांत धूळ टाकायची युक्ती आहे.

चिखलीत आमच्या गल्लीत त्यांचं फोटोचं दुकान आहे. आधार, शाळेचा फॉर्म, लग्नाची पत्रिका यांना लागणारे रंगीत फोटो ते काढून देतात, पण मन लावून नाही. पूर्वी ते अंधाऱ्या खोलीत काळे-पांढरे फोटो पाण्यात धुवून काढायचे. तो कागद मिळेनासा झाला तेव्हा त्यांनी शाईचा आणखी एक रंगीत प्रिंटर आणला, आणि आणला त्याच दिवशी त्यातले सगळे रंग उपसून टाकले. लाल गेला, पिवळा गेला, निळा गेला. त्यांच्या जागी भरली काळी शाई, सहा तऱ्हेची. एक पुरी काळी आणि बाकीच्या एकीपेक्षा एक पातळ केलेल्या.

"नव्या नवरीले काळं लुगडं नेसवलं या माणसानं," तलाठी म्हणाले.

या पातळ शाया चाचा स्वतः तयार करतात. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडायच्या आणि इंजेक्शनच्या पिचकारीनं थेंब थेंब मोजून भरायचं. ज्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, त्या वर्षी जो तो कुठलं ना कुठलं औषध शोधत फिरत होता. एक शेतकरी दुकानासमोरून जाताना थांबला. बाटल्या, पिचकारी, नाकाला रुमाल बांधलेले चाचा, हे सगळं पाहून त्यानं हळूच विचारलं, "चाचा, हे बोंडअळीवर चालते का?"

"नाही बे. हे माणसावर चालते."

"माणसावर?"

"मेलेल्या. जित्या माणसाले कोण काळा-पांढरा करते आता?"

तो माणूस मागं न पाहता गेला. पुढचे आठ दिवस दुकानात गिऱ्हाईक आलं नाही.

त्यांच्या कामाची खरी गोम कम्प्युटरवर आहे. प्रत्येक शाईची तिथं एक वाकडी रेघ असते, तिला ते कर्व्ह म्हणतात. कोणत्या शाईनं कुठून सुरू व्हायचं, कुठं जोर धरायचा आणि कुठं काम दुसरीच्या हाती देऊन बाजूला व्हायचं, ते ती रेघ ठरवते. रेघ एका जागी केसभर उचलली की फोटोतला एक भाग उजळतो आणि दुसरा बुडतो. सगळ्या रेघा बरोबर बसल्या की पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकसारख्या उंचीच्या एकवीस पायऱ्या उतरतात. ते पाहायला चाचा कागदावर एकवीस चौकोन छापतात. त्या चौकोनांना ते घरं म्हणतात. शेजारची दोन घरं सारखीच दिसली, तर "घरात घर घुसलं" म्हणतात आणि पुन्हा रेघ ओढायला बसतात. छापलेला कागद दिवसभर सुकवल्याशिवाय पाहायचा नाही, हाही नियम आहे. "ओला कागद खोटं बोलते," असं ते म्हणतात.

यात माझा संबंध कसा आला ते सांगते. मी जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते. ढिगाजवळ बसायचं आणि पिवळी पडलेली, किडकी कवडी वेचून बाजूला काढायची. वीस वर्षं पांढऱ्यातून पांढरं वेगळं केलं, की डोळ्याला सवय लागते. तोंडाला मात्र बोलायची सवय लागली नाही. घरधनी गेले, मुलगी साखरखेर्ड्याला दिली. मग असेही दिवस जायचे की सकाळी दूधवाल्याला 'अर्धा' म्हणायचं, आणि दिवसभरात बोलले तो तेवढाच शब्द.

त्या बोंडअळीच्या वर्षी ढिगात कवडीच जास्त आणि कापूस कमी, म्हणून जिनिंग दुपारीच बंद व्हायला लागलं, ते पुढंही तसंच राहिलं. एका दुपारी मी रेशनकार्डाच्या कामासाठी फोटो काढायला चाचांकडं गेले. ते कॅमेरा लावत होते. समोर दोरीवर चिमट्याला एकवीस चौकोनांचा एक कागद टांगला होता. पाहता पाहता माझ्या तोंडून निघून गेलं, "हे दोघं एकच हायेत."

चाचांनी कॅमेरा खाली ठेवला. "कोणते दोघं?"

मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी बोट दाखवलं.

"सतरावं अन् अठरावं," ते म्हणाले. मग कागद काढून उजेडात नेला आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. "आठ दिवसापासून मी ह्याले बरोबर म्हणून राह्यलो, बाई."

फोटो राहूनच गेला. तेही विसरले, मीही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता चाचा कागद घेऊन माझ्या दारात उभे. तेव्हापासून तीन वाजता येतातच. "ज्यानं छापलं त्याचा डोळा वकील असते, वच्छलाबाई," ते म्हणाले. "आपल्याच बाजूनं बोलते. मले दुसऱ्याचा डोळा पायजे."

डोळा दुसऱ्याचा पाहिजे, पण तो सांगतो ते ऐकायचं मात्र नाही.

"सहावं जरा काळं पडलं, चाचा."

"नाही नाही. पुन्हा पाहा."

"काळंच हाय."

"तुमचा पदर हिरवा हाय. त्याची झाक पडून राह्यली कागदावर."

मी पदर मागं सारला. "आताबी काळंच हाय."

"उद्या फिक्कं लुगडं नेसा," असं म्हणून ते रागानं निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले आणि दारातूनच म्हणाले, "काळंच होतं."

तरीही मी पावणेतीनला फिक्कं लुगडं नेसायला लागले. गल्लीच्या नजरेतून हे सुटलं नाही. तलाठीणबाईंनी विचारलंच, "काऊन वं वच्छला, रोज तीन वाजता कोणाच्या लग्नाले चालली?" एकवीस घरांची गोष्ट त्यांना कुठून सांगत बसू.

मलाही आधी वाटायचं की हा रिकामपणाचा खेळ आहे. मग साखरखेर्ड्याकडची एक बाई आली. तिचा नवरा कपाशीवर फवारा मारता मारता विषबाधा होऊन गेला होता. तिच्याजवळ त्याचा एकच फोटो, शेताच्या धुऱ्यावर उभा असलेला, डोक्याला दुपट्टा आणि तोंडावर दुपट्ट्याची सावली. दुसऱ्या एका स्टुडिओनं तो मोठा करून दिला होता. त्यात त्याला गोरा केला होता आणि निळा कोट, टाय घातला होता.

"फोटो चांगला हाय हो," ती म्हणाली, "पण माही पोरगी त्याले हार घालत नाही. म्हणते, हे कोणी साहेब हायेत."

चाचांनी मूळ फोटो घेतला. त्या माणसाचं सगळं तोंड सोळा ते एकोणीस नंबरात होतं. सोळा ते एकोणीस ही घरं एकमेकांत घुसली, की तोंडाचा नुसता डाग होणार. चार दिवस त्यांनी रेघा ओढल्या आणि मी तीन वाजता डोळे ताणले. पाचव्या दिवशी बाई आली. फोटो पाहिला आणि म्हणाली, "हाव. असाच यायचा वावरातून." मग पदरानं त्याचं तोंड पुसायला गेली, तसे चाचा ओरडले, "हात नको लावू बाई, शाई निघते." ती हसली. तिला हसताना पाहून चाचा कम्प्युटरकडं तोंड करून बसले, आणि ती जाईपर्यंत वळले नाहीत.

चाचांचा मुलगा अनीस पुण्याला नोकरीला आहे. चाची वारल्यापासून तो वडलांना घेऊन जायचं म्हणतो. एकदा चाचा पंधरा दिवसांसाठी गेले आणि आठव्या दिवशी परत आले.

"लवकर आले?" मी विचारलं.

"सारं चांगलं हाय तिथं. सून चांगली. चहा देते, टीव्ही लावून देते, अन् दार लोटून घेते." मग म्हणाले, "सातव्या मजल्यावरून खाली पाह्यलं त कोणाचाच नंबर लागत नाही."

त्यानंतर मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माही एकवीस घरं एकसारखी झाली का दुकानाले कुलूप लावतो अन् येतो. जबान देतो." सगळ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. त्या दिवसापासून कागद हातात घेतला की एखादं घर तरी बिघडलेलं असू दे, असं मनात यायचं. पण बिघडलं नसताना बिघडलं म्हटलं, असं मी कधी केलं नाही. कवडीला कापूस म्हणू नये, तसं कापसालाही कवडी म्हणू नये. एवढं एकच काम मला येतं, आणि ते मी खरं करत आले.

तरी घरं सुधारतच गेली. आधी उजळ बाजूची बसली, मग मधली. उरलं ते सतरावं. ते कधी सोळाव्याकडं झुकायचं, कधी अठराव्याकडं.

यंदा उन्हाळ्यात अनीस आला. सोबत एक मोठी रिकामी बॅग होती. मला दुकानात बोलावणं आलं. मी गेले तर अनीस खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"मावशी, अब्बा म्हणतात फैसला तुमच्याकडे असतो. काल छापलेला कागद आहे हा, सुकलेला. मी पाहिला, पण मला तर सगळं सारखंच दिसतं. तुम्ही सांगा, झालं का बरोबर?"

मी कागद दाराशी उजेडात नेला. पहिल्या घरापासून निघाले आणि डोळा कुठंच अडखळला नाही. दिवस मावळताना अंधार जसा होत जातो, कधी झाला ते कळत नाही, तसा तो कागद काळा होत गेला होता. सोळावं, सतरावं, अठरावं. प्रत्येक जण आपल्या जागी. असा कागद मी पहिल्यांदा पाहत होते.

चाचा आमच्याकडं पाठ करून भिंतीवरचा एक फोटो सरळ करत होते. तो सरळच होता.

"सतरावं अठराव्यात घुसलं," मी म्हणाले.

"किती?" अनीसनं विचारलं.

"जरासंच."

"जरासं चालतं ना, मावशी?"

"नाही चालत."

याआधी कोणाच्या तोंडावर 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. अनीस माझ्याकडं पाहत राहिला, मग थोडा हसला. चांगला मुलगा आहे. वडलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ठीक आहे अब्बा. पुढच्या वेळी." आणि बॅग तशीच रिकामी घेऊन पाचच्या बसनं गेला.

घरी येऊन मी भाकरी टाकली, ती तव्यावरच करपली. बरोबर बसलेली रेघ आता माझ्या शब्दावरून चाचा पुन्हा वाकडी करत बसणार. पाच वर्षांची मेहनत. माझ्या डोळ्यावर त्यांनी भरवसा ठेवला आणि मी त्या डोळ्याला खोटं पाडलं. उद्या आले की खरं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. मग त्यांना जायचं तर जाऊ दे.

तीन वाजता ते आले. कागद पुढं केला. कोपऱ्यात ते छापल्याची तारीख घालतात. मी पाहिली, ती जुनीच होती. त्यांनी नवा कागद छापलाच नव्हता.

"चाचा, काल मी..."

"सतरावं म्हणले होते ना तुम्ही?"

"हो, पण..."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, उजेडात धरला आणि फार वेळ पाहिला. एकदा जवळून, एकदा लांबून, मान तिरपी करून. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

"घुसते," ते म्हणाले. "जरासं घुसतेच."



मग ते माझ्या पायरीवर बसले. कागदाची घडी घातली. इतक्या दिवसांत त्यांना कागद दुमडताना मी पाहिलं नव्हतं. "आता मिरग लागला का हवा ओली होते," ते म्हणाले. "कागद पाणी धरते. मंग त एकबी घर जाग्यावर राहत नाही, बाई. सारं पहिल्यापासून." एखाद्यानं सोयरीक जमल्याचं सांगावं, तसं ते सांगत होते.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. डबा उघडला आणि चमचा हातातच राहिला. पाच वर्षं रोज तीन वाजता येणारा माणूस, त्याला साखर किती लागते ते मला ठाऊक नव्हतं.

"साखर किती टाकू, चाचा?" मी आतून विचारलं.

"टाका तुमच्या अंदाजानं," ते पायरीवरून म्हणाले.