तारावहिनींनी ठेवून घेतलेला धक्का

शॉकप खोलला की गाडीनं आजवर खाल्लेले धक्के बाहेर पडतात आणि ते मालकाला, नाहीतर वारसाला, समोर बसून घ्यावे लागतात. एवढी साधी गोष्ट मला या वयात लिहून द्यायला लावताय. लिहितो. मध्ये बोलू नका.

अंडीवाला वामन खरमाटे वारला. त्याची पन्नास सीसीची छोटी गाडी पत्र्याच्या शेडात गंजत होती. पोरगा प्रल्हाद ती ढकलत माझ्याकडं घेऊन आला. "काका, नव्यासारखी करा." मागोमाग त्याची आई, तारावहिनी, रिक्षातून उतरल्या.

पुढचं चाक काढलं, मडगार्ड काढलं, शॉकपच्या दोन्ही नळ्या खाली ओढून घेतल्या. मग स्टूल मांडलं.

"वारस म्हणून कोण बसणार?"

"मी. आईचा खुबा बदललाय," प्रल्हाद म्हणाला.

"तू गप उभा राहा. नवरा माझा, धक्के माझे." वहिनी पदर खोचून बसल्या.

बूच काढलं, स्प्रिंग बाहेर घेतली. धक्के सुरू झाले. ते उलटे येतात, शेवटचा आधी. अंडीवाल्याचे म्हणून बारीक होते. वहिनी जागच्या जागी हलत होत्या आणि एकेक ओळखत होत्या.

"हा पोस्टापुढचा खड्डा. ही मंडईची गटार. हा दवाखान्याचा गतिरोधक, तुझ्या वेळचा रे."

"आई, पाणी देऊ?"

"मधे येऊ नको. रांग मोडती."

शेवटी एकच उरला. वहिनींनी हात वर केला.

"भावजी, हा आत राहू द्या."

"का?"

"रेल्वे फाटकाचा आहे. गाडी नवी, लग्नही नवं. मी मागं कॅरिअर धरून बसले होते. फाटकात गाडी उडाली तेव्हा ह्यांचा खांदा धरला. पहिल्यांदाच."

"मग घ्या की."

"घेतला की संपला."

ते बरोबर होतं. बंद नळीतला धक्का आतल्या आत फिरत राहतो. बाहेर आलेला परत भरता येत नाही. पण मी स्पष्ट सांगितलं, जुना धक्का ठेवून नवं ऑइल भरलं तर सील गळणार आणि चांगल्या रस्त्यावरही गाडी मधूनच उडणार. प्रल्हादला दोनदा विचारलं.

"चालेल, काका. बसवा."

बसवला.

आता गाडी सपाट डांबरावर उडते. मागं वहिनी असतात, त्या पोराचा खांदा धरतात. कधी मीठ संपलं म्हणून निघतात, कधी चपलेचा अंगठा तुटला म्हणून. खुब्याचं नाव काढत नाहीत.

आणि पोरगा पानाच्या गादीवर उभा राहून सांगतो, म्हाताऱ्याचा हात गेला, त्याला साधा शॉकप बसवता येत नाही.

माझा हात गेलेला नाही. माफी मागायची राहिली आहे ती प्रल्हाद वामन खरमाटेनं.