सलूनवाल्याचा थायरॉइड

मामांचं नाव कानावर पडताच गुन्हेगार अर्धा कबुलीजबाब देतो, असं मामाच सांगत. उरलेला अर्धा ते नजरेनं काढत. आजवर एकही गुन्हेगार त्यांच्यासमोर आला नव्हता, हाही त्यांच्या मते दराराच. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी भाची त्यांच्या हौशी हेरगिरीत मदतनीस होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र तिचीच नोकरी टांगणीला लागली. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला हाकणारं संप्रेरक, जवळजवळ शून्य आलं होतं. थायरॉइड उधळला की ते असं आटतं. छाती धडधडायला हवी, हात थरथरायला हवेत. हा गृहस्थ बाकावर जांभया देत होता. नमुना पुन्हा लावला, तरी तेच. संध्याकाळपर्यंत चूक सापडली नाही तर घरी बस, असं लॅबच्या डॉक्टरांनी सुनावलं. भाची रडकुंडीला आली, आणि तेवढ्यात मामा आले.

भिंतीवरच्या चित्रातली अँटिबॉडी त्यांनी निरखली. दोन फाटे, एक दांडी.

"गलोल," मामा म्हणाले. "घातपात आहे."

भाचीनं समजावलं, की चाचणीत हे दोन फाटे रक्तातलं टीएसएच पकडतात. अँटिबॉडीला बायोटिन नावाचं जीवनसत्त्व जोडलेलं असतं, त्याच्या जोरावर ती चाचणीच्या कपात घट्ट बसते. मग कप धुवायचा आणि जे उरेल ते मोजायचं. मामांनी मान डोलावली आणि धुणाऱ्या यंत्रावर पुरावा नष्ट केल्याचा आरोप ठेवला. मग रक्त जुळ्या भावाचं ठरवलं. सलूनवाला म्हणाला, मला भाऊच नाही. लपवतोय, मामांनी ताडलं.

इतक्यात सलूनवाल्याची बायको त्याला शोधत आली. गिऱ्हाइकं खोळंबली होती. भाचीनं तिलाही विचारलं, हे काही औषध घेतात का? सकाळी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं साफ नकार दिला होता.

"औषध कसलं, केस गळतात म्हणून चोरून गोळ्या खातात. केस कापणाराच टकला झाला तर दुकानात येणार कोण?"

तिनं त्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट ओढलं. बायोटिन, तेही भरमसाट. भाचीच्या जिवात जीव आला. गोळ्यांच्या बायोटिननं कपातल्या सगळ्या जागा आधीच बळकावल्या होत्या. अँटिबॉडी हातातल्या टीएसएचसकट मोरीत वाहून गेली होती.

"आणि या जांभया?" मामांनी दरडावलं.

"त्या लग्नापासून आहेत," बायको म्हणाली.

गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं. सगळं ठणठणीत.

"केसांचा वास मला पहिल्यापासून येत होता," मामा डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टर भारावले. भाचीची नोकरी कायम ठेवलीच, शिवाय तिच्या टेबलाशेजारी मामांसाठी रोजची खुर्ची टाकली. घरी बसणं इतकं काही वाईट नसतं, हे भाचीला त्याच क्षणी पटलं.