दबणारा हब

गुंडुरावांच्या छातीवर श्रावणापासून एक गोल डाग होता. वरुणा गावच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, गुंडुरावांनी ब्रेक दाबला, म्हैस वाचली आणि त्यांच्या जुन्या, लाल, दोनच सीटांच्या विलायती स्पोर्ट्‌स कारच्या स्टीअरिंगचा मधला लोखंडी गोळा त्यांच्या छातीवर शिक्क्यासारखा उमटला. अन्नपूर्णाबाईंनी पंधरा दिवस हळदीचा लेप लावला आणि सोळाव्या दिवशी अट घातली.

"अकरा वर्षं मी ह्या गाडीत बसले नाही. विजयादशमीला चामुंडी बेट्टाला येते म्हणून सांगितलं होतं. पण ते छातीत घुसणारं काढल्याशिवाय बेडा. साकु."

बेडा म्हणजे नको आणि साकु म्हणजे पुरे. हे दोन कन्नड शब्द जोडीनं आले की त्या घरात पुढं चर्चा होत नसे. गुंडुराव छत्तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झाले होते. वाद घालण्याची हौस त्यांनी शाळेतच संपवली होती. आयुष्यात एकदाच बायकोला शेजारी बसवून बेट्ट, म्हणजे चामुंडीचा डोंगर, चढायचं, एवढंच त्यांचं मागणं शिल्लक होतं.

स्टीअरिंगचं चाक खालच्या दांड्याला ज्या तुकड्यानं जोडतात, तो हब. हूटगळ्ळीचा मेकॅनिक नरसिंहमूर्ती एक चकचकीत हब घेऊन आला. "भरीव अॅल्युमिनियम आहे, सार. तीन पिढ्या टिकतो."

"तो टिकेल हो," अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हे टिकतील का?"

नरसिंहमूर्तीनं हब पुन्हा पिशवीत घातला.

मग बेंगळुरूच्या एका दुकानदारानं फोटो पाठवला. हबच्या मध्यभागी जाळीचा पातळ डबा होता, थेट कॉफीच्या फिल्टरसारखा. माणूस आदळला की डबा चेपायचा, छाती वाचायची. फोटो पाहायला अन्नपूर्णाबाईंचा भाऊ हयग्रीव हजर होताच. तो कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होता आणि रोज कॉफीच्या वेळेला अजून ड्यूटीवर असल्यासारखा येई.

"भावजी, हा दबतो की! आमच्याकडं आला असता तर रिजेक्ट!"

"अरे, दबावा म्हणूनच केलाय तो," गुंडुराव थकून म्हणाले.

"आणा मग," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "दबणाऱ्याबरोबर संसार करायची सवय आहे मला."

पण दुकानदाराला दांड्यावरच्या दात्यांची संख्या हवी होती. एकाचा जरी फरक पडला तर हब नीट बसणार नाही, आणि हातोडीनं ठोकून बसवला तर एखाद्या वळणावर चाक हातात येईल, असं त्यानं दोनदा बजावलं. चाक काढलं. दाते बारीक, तेलकट आणि गोलाकार. कुठून सुरुवात केली ते अर्ध्यावरच हरवायचं. गुंडुरावांनी मोजले, सत्तेचाळीस. पुन्हा मोजले, एकोणपन्नास. हयग्रीवानं डोळे मिटून बोटानं चाचपत मोजले. "शेहेचाळीस. फायनल."

"सरासरी काढू या?" गुंडुरावांनी विचारलं. दात्यांची सरासरी काढायची वेळ गणिताच्या मास्तरावर आली होती.

"अय्यो, सरका दोघं." अन्नपूर्णाबाई देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. एका दात्याला कुंकू लावलं आणि अर्चनेला बसल्यासारख्या पुटपुटत, एकेका दात्याला काडी लावत फिरून त्या कुंकवापाशी आल्या. "अठ्ठेचाळीस. सहस्रनामात माझं एक नाव कधी चुकलं नाही."

पुन्हा मोजायचं धाडस कुणी केलं नाही. हब आला, आणि हातोडीला हात न लावता बसला. नट नरसिंहमूर्तीनं आवळला, हॉर्नची तार हयग्रीवानं जोडली आणि गुंडुरावांना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. गाडीला झेंडूची माळ, बॉनेटला गंध, चारी चाकांखाली लिंबं. अन्नपूर्णाबाईंनी नव्या हबला कुंकू लावलं, अंगठ्यानं जाळी किंचित दाबून पाहिली, मान हलवली. गुंडुरावांनी डावीकडचं दार अदबीनं उघडलं. बाई बसल्या. अकरा वर्षांनी!

आणि समोर बघून म्हणाल्या, "हे काय?"

त्यांच्या पुढ्यात, डॅशबोर्डवर, बरोबर छातीच्या उंचीला एक जाड लोखंडी दांडा होता.

"शेजारी बसणाऱ्याला धरायला."

"दबतो?"

हयग्रीवानं पुढं होऊन दांडा ठोकून पाहिला. "अक्का, ह्याला म्हणतात माल! पास!"

"म्हणजे दोन महिने एकाच छातीची काळजी चालली होती." अन्नपूर्णाबाई खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून उजवीकडे गेल्या आणि स्टीअरिंगमागे बसल्या. "मी इथंच बसणार."

"अगं, तुला चालवता येत नाही!"

"उद्या विजयादशमी. विद्यारंभाला ह्याहून चांगला दिवस कुठला? छत्तीस वर्षं लोकांच्या मुलांना शिकवलंत. आता राहुकाळ लागायच्या आत ढकला, लिंबं चिरडू द्या."

गुंडुरावांनी मागून खांदा लावला. चारी लिंबं एकामागून एक फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णाबाई पदर खोचून उजवीकडे बसल्या. शिकवणाऱ्याची जागा डावीकडे. गुंडुराव बसले, समोरच्या दांड्याकडे पाहिलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून अंगठ्यानं तो एकदा दाबून पाहिला.

दबला नाही.