डिनीचा उलटा जिना

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे डिनीचा फॉर्म भरणं. दुसऱ्या दिवशी पहाटे ही गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास दिला नाही. त्यामुळं हिची आठवण सांगायची म्हटली की आधी डिनी सांगावा लागतो, आणि डिनी सांगायचा म्हटलं की आधी जिना.

डिनी जिना खालून वर धुतो.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. मला वाटतं. मी आमच्या गावच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस सफाईचा मुकादम म्हणून. शाळा सातवीपर्यंत, तीही नापास. पण पाणी वरून खाली जातं हे कळायला शाळा लागत नाही. जिना वरच्या पायरीपासून धुवायचा आणि खालच्या दारातनं बाहेर पडायचं. हा डिनी खालून सुरुवात करतो, पुसत पुसत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दाराशी येऊन पोचतो, आणि मग परत खाली जाणार कसा? ओल्या पायऱ्यांवरून. त्याचे बूट तेरा नंबरचे. म्हणून उलटा, पाठीकडनं एकेक पायरी उतरत, स्वतःच्याच पावलांचे ठसे पुसत जातो. एका जिन्याला दोन जिन्यांचं काम.

आयर्लंडात केरी जिल्ह्यात ट्रली म्हणून गाव आहे, तिथल्या काउन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बिल्डिंगीत आम्ही राहतो. मुलगा संजय हॉटेलात आचारी आहे, त्याच्या नावावर घर. बारा दारं, लिफ्ट नाही. डिनी इथला केअरटेकर. जिना, कचऱ्याचे डबे, दिवे, गळके नळ, सगळं त्याच्याकडं. साठीचा गडी, पण बारा महिने हाफपँट. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दात घासायचा ब्रश. कोपऱ्यातली घाण त्यानं काढतो. किल्ल्यांचा जुडगा एवढा, की चालताना बैलगाडी आल्यासारखं वाटतं, आणि एकाही किल्लीवर चिठ्ठी नाही. डोळे मिटून दाते चाचपतो आणि बरोबर किल्ली काढतो. एकटा मॅगपाय पक्षी दिसला तर हातातलं काम सोडून त्याला सलाम ठोकतो, नाहीतर दिवस वाईट जातो म्हणे. आणि काहीही विचारा, उत्तर 'ग्रँड'. पाऊस पडला, ग्रँड. बॉयलर बंद पडला, ग्रँड. एकदा शिडीवरून पडून मनगट मोडलं, तेव्हाही प्लास्टर दाखवून ग्रँडच म्हणाला.

मी त्याला वरच्या पायरीवर उभा राहून हातवारे करून सांगायचो, वरून खाली, वरून खाली. तो टोपी उचलून 'राइट यू आर, बॉस' म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी परत खालून. हे दोन वर्षं चाललं. मी हिला म्हणायचो, हा माणूस बैल आहे. ही म्हणायची, असू दे, बैलाला चहा देते.

तर त्याचं असं, की जिना संपवून तो वर पोचायचा तेव्हा अकरा वाजलेले असायचे. ही दार उघडून आल्याचा चहा द्यायची, स्टीलच्या पेल्यात. पहिल्या दिवशी त्याची बोटं भाजली. दुसऱ्या दिवसापासून तो पेला टोपीत धरायला लागला. बूट ओले म्हणून आत कधी आला नाही. तो वरच्या पायरीवर, ही उंबऱ्यात पाटावर. ही मराठीत बोलायची, तो त्याच्या केरीच्या इंग्रजीत. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, म्हणून कधी भांडण झालं नाही. तो आपला गुडघा दाखवायचा, ही आपला दाखवायची. इथंही जुनी माणसं दुसऱ्याच्या बायकोचं नाव घेत नाहीत, 'हरसेल्फ' म्हणतात. मी जिन्यात भेटलो की त्याचा पहिला सवाल, 'हाऊ इज हरसेल्फ?' माझी चौकशी नंतर, वेळ उरला तर.

मी एकदा त्याला विचारलं होतं, लग्न का नाही केलं. तो म्हणाला, 'आई होती ना.' आई जाऊन किती वर्षं झाली ते मी विचारलं नाही.

आता तो फॉर्म. काउन्सिलनं दारोदार कागद टाकला. जिना स्वच्छ असतो का, केअरटेकर कसा आहे, तुम्ही खूश आहात का. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुढं पाच तोंडं काढलेली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. एकावर खूण करायची. संजय कामाला गेलेला. ही चष्मा लावून बसली आणि हसऱ्या तोंडावर बोट ठेवून म्हणाली, हे.

मी म्हटलं, डोकं फिरलंय का?

कारण मला अनुभव होता. आमच्याकडं सखाराम म्हणून झाडूवाला होता, सोन्यासारखं काम. मी नवा मुकादम, हौसेनं त्याच्या नावापुढं 'उत्तम' लिहिलं. तिसऱ्या दिवशी वरून हुकूम आला, सखारामला साहेबांच्या बंगल्यावर पाठवा. माझा वॉर्ड वर्षभर घाण मारत होता. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. चांगला माणूस टिकवायचा असेल तर कागदावर 'बरा' लिहायचं. फारच चांगला असेल तर 'सुमार'. सरकार सगळीकडं सारखंच. हसऱ्या तोंडावर खूण केली तर हा आपला डिनी महिन्याभरात मोठ्या लोकांच्या वस्तीत जाईल, ह्याची मला खात्री होती.

ही म्हणाली, 'अहो, माणूस राबतोय ढोरासारखा. तुमच्या तोंडून 'बरा'च्या पुढं काही निघणार आहे का कधी? सेहेचाळीस वर्षं झाली, माझी भाजी अजून 'बरी'च आहे.'

मी पेन घेतलं. सगळीकडं रडक्या तोंडावर खूण केली. हिनं पाकीट चिकटवलं आणि म्हणाली, 'त्याचं काही वाकडं झालं तर बघा.'

हे मी एकट्यानं केलं असतं तर भागलं असतं. पण मी खालच्या मजल्यावरच्या नोरीनला सांगायला गेलो. नोरीन सत्तरीची, अख्ख्या बिल्डिंगीची पोस्टमास्तर. माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं, डिनी गुड मॅन. गुड मॅन, ट्रान्स्फर. सॅड फेस, डिनी स्टे. तिला ते लगेच पटलं. तिचा काउन्सिलवर माझ्यापेक्षा कमी विश्वास. संध्याकाळपर्यंत ती बारा दारं फिरली आणि बारा घरांनी बारा रडकी तोंडं पाठवली.

आणि पहाटे ही गेली.

त्या दिवसांचं मला फार सांगता येत नाही. एवढं आठवतं, की हिला घरातनं न्यायचं होतं त्या सकाळी जिन्यावर पाण्याचा थेंब नव्हता. उचलणाऱ्यांचा पाय घसरू नये म्हणून डिनीनं सगळ्या पायऱ्या गुडघ्यावर बसून कोरड्या फडक्यानं पुसल्या होत्या. खाली शेजारी दोन्ही बाजूंनी ओळीनं उभे, ही इथली पद्धत. डिनी कोट घालून, लांब पँट घालून शेवटी उभा होता. मी त्याला पहिल्यांदा लांब पँटमध्ये बघितला. हिला कॉर्क शहरात नेलं, तिथं दहनाची सोय आहे.

नंतर मी घरात बसून असायचो. संजय आणि सून कामाला. अकराला मला जिन्यात बादलीचा आवाज यायचा, पण तो खाली खाली जाणारा. एकदा दार उघडून बघितलं तर डिनी वरून खाली धुवत होता, अगदी मुकादमाच्या मनासारखा. मी म्हटलं, चला, दोन वर्षांनी आला लायनीवर. खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं.

महिन्यानं काउन्सिलचं पत्र आलं. संजयनं वाचून दाखवलं. रहिवाशांची नाराजी लक्षात घेता केअरटेकरला सोमवारपासून दुसरीकडं देण्यात येत आहे, डब्यांच्या कामावर. जिन्यासाठी कंपनीची माणसं आठवड्यातून दोनदा मशीन घेऊन येतील.

संजय म्हणाला, 'आप्पा, डिनीवर नाराज कोण आहे इथं?'

मी खाली नोरीनकडं गेलो. ती पत्र हातात घेऊन बसलेली. म्हणाली, मी त्याला विचारलं, तो म्हणतो ग्रँड. आम्ही दोघांनी खिडकीतनं बघितलं. डिनी बाहेर डब्यांच्या मुठी एका दिशेला करत होता.

मला हिचं शेवटचं बोलणं आठवलं. त्याचं काही वाकडं झालं तर बघा. आता बघणं भाग होतं. मी नोरीनला म्हटलं, गाडी काढ.

काउन्सिलच्या ऑफिसात काचेमागं एक पोरगी होती. मी तिला म्हटलं, 'मी मुकादम. फॉर्म खोटा. मी केला.' तिला काही समजेना. मग नोरीननं सगळं पहिल्यापासून सांगितलं, सखारामसकट. पोरगी म्हणाली, म्हणजे बाराही घरांनी खोटं लिहिलं? नोरीन म्हणाली, 'हो, आणि उपयोग झाला असता तर परत लिहिलं असतं.'

पोरगी आत जाऊन साहेबाला घेऊन आली. साहेबानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, तक्रार करायला लोक रोज येतात, तक्रार परत न्यायला आलेला तू पहिला. बदली थांबवतो, फॉर्म पुन्हा पाठवतो, पण आजच्या आज लेखी पाहिजे. मी म्हटलं, मला मराठीच येतं. तो म्हणाला, चालेल, खाली या बाईंची सही घेऊ.

मी कागद ओढला. डिनीचं नाव लिहिलं. आणि त्याच्यापुढं, सखारामनंतर पहिल्यांदा, 'उत्तम' लिहिलं. अक्षर वाईट आलं. नोरीननं खाली सही केली, तिला एक अक्षर वाचता येत नसताना.

परत येताना गाडीत मी तिला म्हटलं, एक मात्र झालं, शेवटी तो जिना नीट धुवायला शिकला. वरून खाली.

नोरीननं गाडी चालवता चालवता माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता भिंतीला धडकतो. म्हणाली, तो पहिल्यापासून वरूनच धुवायचा. इतकी वर्षं. तुम्ही लोक राहायला आलात तेव्हापासून उलटा झाला.

मी विचारलं, का?

ती म्हणाली, 'वरून धुतला तर शेवट खाली कचऱ्याच्या डब्यापाशी होतो. खालून धुतला तर चहापाशी.'

दोन वर्षं रोज तेरा नंबरचे ठसे उलटं उतरत पुसणारा तो माणूस, आणि मी वर उभा राहून त्याला पाण्याची अक्कल शिकवत होतो. घरात ही बसलेली असायची, हिला हे माहीत होतं का? असणार. अकराला चहा तयार असायचा, आधी नाही, नंतर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीचा आवाज ऐकून दार उघडलं. डिनी वरच्या पायरीवर फडकं पिळत होता. मला बघून टोपी उचलली, 'हाऊ'पर्यंत बोलला आणि थांबला. सवयीनं येणारं पुढचं 'हरसेल्फ' तोंडातच राहिलं.

मी खाली बोट दाखवलं. म्हटलं, 'फ्रॉम बॉटम.'

तो माझ्याकडं बघत राहिला. मी मुकादमाचा आवाज काढला आणि परत म्हटलं, 'खालून. चल.'

त्यानं बादली उचलली आणि खाली गेला. मी आत येऊन आलं शोधलं. जन्मात चहा केला नव्हता. पहिला उतू गेला, दुसऱ्यात साखर विसरलो, तिसरा घेऊन अकराला पाटावर बसलो. डिनी शेवटची पायरी पुसून बसला. पेला टोपीत धरला, एक घोट घेतला, आणि 'ग्रँड' म्हणाला.

खोटं बोलला. बरा झाला होता. हिचा उत्तम व्हायचा.