ठकीच्या जबड्याची मापं

मोजमापात माझा हात कुणी धरू शकत नाही. कारखान्यातला एकही सुटा भाग माझ्या कॅलिपरमधून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्यामुळे आमच्या आठ वर्षांच्या ठकीचा जबडा अरुंद आहे, दातांना जागा पुरत नाही, असं दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर आपलंच काम!

"चावायचे स्नायू हाडावर ताण देतात. वाढत्या वयात त्याने जबडा घडतो," बाई म्हणाल्या. "सगळं मऊ मऊ देऊ नका, चावू दे. सहा महिन्यांनी बघू."

सहा महिने कोण थांबतोय? घरात गाजरं आली, कडक टोस्ट आले. दर रविवारी ठकीला स्टुलावर बसवून मी त्याच कॅलिपरने जबड्याची रुंदी मोजू लागलो. पहिल्या रविवारी शहाऐंशी मिलिमीटर. मग अठ्ठ्याऐंशी. मग एक्क्याण्णव. मी बायकोला वही नाचवून दाखवली.

पाचव्या रविवारी पंचाण्णव भरले आणि माझं वही नाचवणं थांबलं. महिन्यात नऊ! मी हिशेब मांडला. याच वेगाने दहावीपर्यंत पोरगी दारात अडकणार होती. दाराचं मापही घेऊन झालं होतं.

गाजरं बंद केली. नुसतं सूप आणि कुस्करलेलं केळं.

"बाबा, माझं काही चुकलं का?" ठकीने विचारलं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. लेकीचा चेहरा मी माझ्या हाताने बिघडवला होता. दुसऱ्याच दिवशी तिघंही दवाखान्यात.

"माझ्यासमोर मोजा," बाई म्हणाल्या. मी मोजलं. शहाण्णव!

"बाळ, दात इतके का आवळतेस?"

"हलले की बाबा ओरडतात. दर वेळी जास्तच ओरडतात."

"गाल सैल सोड बघू."

शहाऐंशी. पहिल्या रविवारइतकेच, केसभरही फरक नाही.

"दात आवळले की स्नायू फुगतो," बाई म्हणाल्या. "हाड असं महिन्यात वाढत नसतं हो. गाजरं सुरू करा, ओरडणं बंद करा." मग त्या माझ्याकडे निरखून पाहू लागल्या. "तुमचेच गाल टणक दिसतायत. झोपेत दात खाता का?"

"महिनाभर," बायको म्हणाली. "शेजारीण विचारून गेली, घरात गिरणी घातलीत का म्हणून."

ठकी खुर्चीवरून उतरली, मी चढलो. तिने माझा हात घट्ट धरला.

"घाबरू नका बाबा," ती म्हणाली. "या ओरडत नाहीत."